राईची उघाडी

झोप लागली म्हणे! माझ्या दत्ताराम काकांना, भर दुपारी, अमावास्येच्या भरतीला, उघाडीवर बसल्या बसल्या झोप लागली म्हणे. हे वाक्य छानपैकी टाइप करून नीरज सरांनी गुरुवारी सकाळी माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "ममता, खाली सही कर. आजच पाठवायचाय रिपोर्ट."

मला आधी हसूच आलं. कारण रविवारी दुपारी बाराच्या भरतीला काका कुठे होते ते मला चांगलं ठाऊक होतं. ते माझ्या घरी, गोडदेवला, माझ्या समोर बसून जिताड्याचं कालवण खात होते. भाकरी मीच वाढत होते. मग हसू गेलं आणि कानशिलं अशी तापली की विचारू नका. ती अजून थंड झालेली नाहीत, म्हणून हे सगळं सांगायला बसलेय.

राई माझं माहेर. खाडीच्या कडेचं गाव. पूर्वी पुढ्यात मिठागरं आणि भातशेती होती, आता निम्म्या जागेवर बिल्डिंगी आल्या. गाव आणि खाडीच्या मध्ये मातीचा बांध आहे आणि त्या बांधात एक लोखंडी दार आहे, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला ती उघडायची, गावातलं गटाराचं, नाल्याचं पाणी खाडीत निघून जातं. भरती चढायच्या आधी लावायची, नाहीतर खाडीच गावात येते. वर एक मोठं चाक आहे, ते फिरवलं की दार खाली-वर होतं. एकतीस वर्षं ते चाक दत्ताराम काकांनी फिरवलं. माझ्या वडिलांचे हे धाकटे भाऊ. वडील गेल्यावर माझं जे काही कोडकौतुक झालं ते यांनीच केलं.

काकांना भरतीचं वेळापत्रक कधी लागलं नाही. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तितके वाजता भरती. अष्टमीला सहा. चतुर्थीला तीन. अमावास्या-पौर्णिमेला मात्र हिशोबापेक्षा जरा पुढे, बारा-साडेबारा, आणि तेव्हाच उधाण सगळ्यात मोठं, दार लावल्यावरही पाणी उतरेपर्यंत राखण करावी लागते. म्हणजे महिन्यातून दोनदा ऐन जेवणाच्या वेळी हा माणूस बांधावर. पौर्णिमेची पूजा असो, कोणाचा साखरपुडा असो, काका नाहीत ते नाहीतच. माझ्या लग्नाला पौर्णिमा होती. अक्षता पडल्या तेव्हा काका उघाडीवर होते. चार वाजता आले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली, आणि मांडवाच्या बाहेर उभं राहून मला हाक मारली. मी शालू सावरत धावले होते.

आता वय एकाहत्तर, गुडघे गेलेले. म्हणून तर हे काम मीच आमच्या कंपनीत आणलं. मीरा रोडला आमची दहा जणांची कंपनी आहे, पाण्याची पातळी मोजायची यंत्रं बसवते. गावच्या बंधारा समितीच्या अध्यक्षांना, दशरथभाऊंना, मीच पटवलं. चाकाला मोटर बसली. खाडीत एक सेन्सर लागला, तो दर मिनिटाला पाण्याची उंची आमच्या डेटाबेसला कळवतो. त्या डेटाबेसमध्येच मी एक छोटा प्रोग्राम लिहिला, त्याला प्लगिन म्हणतात. त्याचं काम एवढंच, दर दहा मिनिटांनी जागं व्हायचं, पाणी खुणेच्या वर चढलंय का बघायचं, आणि चढलं असेल तर मोटरला सांगायचं, लाव दार.

असं घड्याळावर चालणारं प्लगिन खरं लावायच्या आधी टेस्ट करून बघतात. कमांड लाइन, म्हणजे ती काळी स्क्रीन उघडायची, एक ओळ टाइप करायची आणि डेटाबेसला सांगायचं, समज आता वेळ झाली, चालव बघू. मग ते एकदा चालतं आणि आपण काय काय केलं असतं ते दाखवतं. केलं असतं! करत नाही. आकडा नोंदवत नाही, मोटरला हात लावत नाही. खरं काम करून घ्यायचं असेल तर नंतर दुसरी कमांड देऊन ते घड्याळाला बांधावं लागतं. त्याला ट्रिगर म्हणतात. तो लावला नाही तर टेस्ट शंभर वेळा पास झाली तरी दार आपलं जिथल्या तिथे.

टेस्ट मी मन लावून केली होती, ते खोटं नाही सांगत. जुन्या तारखा देऊन देऊन चालवायचे आणि मग काकांना फोन. "काका, चतुर्थीला दार किती वाजता लावता?"

"भरती तीनला. मी एक वाजताच लावतो."

प्लगिन म्हणायचं, एक वाजून दहा मिनिटं.

"तुझं मशीन धा मिनिटं आळशी हाय," काका म्हणायचे आणि खोकत खोकत हसायचे. मी खूण दोन बोटं खाली घ्यायचे आणि पुन्हा चालवायचे. तीन आठवडे आमचं हेच चाललं होतं. मला तर मजा येत होती.

शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या तारखा जुळल्या. स्क्रीनवर हिरव्या ओळी. नीरज सर मागे येऊन उभे राहिले, मोबाइल काढला आणि खचाक्कन माझ्या स्क्रीनचा फोटो घेतला.

"सर, ही टेस्ट आहे," मी म्हटलं. "ट्रिगर लावायचा बाकी आहे. त्याची परमिशन तुमच्याकडे आहे."

"अगं हो, मी लावतो ना. दोन मिनिटांचं काम. तू निघ, रविवारी लेकीचा बर्थडे आहे ना तुझ्या?"

मी बॅग उचलेपर्यंत तो फोटो समितीच्या ग्रुपवर गेलासुद्धा. 'राईची उघाडी आजपासून फुल्ली ऑटोमॅटिक! टेस्टेड बाय ममता.' खाली अंगठेच अंगठे.

आता माझं ऐका. ट्रिगर लावायची परमिशन मला नव्हती, पण लावलेत की नाहीत ते बघायची होती. एक ओळ टाइप केली की यादी येते. घरून करता आलं असतं, रिक्षातून फोनवर करता आलं असतं. मी काय केलं? रिक्षात बसून काकांना फोन केला.

"काका, झालं बरं का! रविवारी अमावास्या आहे आणि चांदणीचा पाचवा वाढदिवस आहे. दुपारी जेवायला यायचं."

"बाराला?"

"बाराला! गरम गरम. जिताडा आणतेय."

काका म्हणाले, "बघितलंस ना नीट?"

"हो काका. झालं म्हणते ना!"

रविवारी सकाळच्या ओहोटीला उघाडी उघडी ठेवून काका दहा वाजता निघाले. कोणाला सांगितलं नाही, सांगायचं कारणही नव्हतं. पांढरा शर्ट घातला होता, केस पाण्याने चोपून बसवले होते. चांदणीला एक चेंडू आणला होता. जेवायला बसले आणि पहिला घास घ्यायच्या आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "एकतीस वर्षांत पहिल्यांदा अमावास्येला बाराला जेवतोय." मी पटकन फोटो काढला. काका, हातात माशाचा तुकडा, मागे घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं. घरच्या ग्रुपवर टाकणार होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्या विमलाबाई. त्यांचा आवाज मला समोर बसून ऐकू आला. "दत्ताराम, कुठं मेलास रे? गिरणीत पाणी शिरलंय!"

काका हातही न धुता गेले. चप्पल एका पायात घातली, दुसरी जिन्यात. चांदणी चेंडू घेऊन दारात उभी.

अकरा घरांत पाणी शिरलं. विमलाबाईंच्या गिरणीची मोटर गेली, लोकांनी दळायला दिलेलं धान्य भिजलं. कोणाच्या गाद्या, कोणाचा फ्रिज. काकांनी जाऊन हाताने चाक फिरवून दार लावलं. लोक धावत आले तेव्हा ते तिथे छातीपर्यंत भिजून उभे होते, त्यामुळे सगळ्यांना वाटलं, हा इथेच होता.

संध्याकाळी मी फोन केला तर म्हणाले, "दारात ओंडका अडकला होता. तुझ्या मशीनची चूक न्हाय. तू नको डोक्याला लावून घेऊ."

आणि मी शहाणीने मानलं! यादी तेव्हाही बघितली नाही. ओंडका म्हणजे ओंडका. मला तेच ऐकायचं होतं, दुसरं काय.

म्हणून गुरुवारी तो रिपोर्ट वाचून मी लॅपटॉप ओढला आणि ती एक ओळ टाइप केली. यादी रिकामी. एकसुद्धा ट्रिगर नाही. माझं प्लगिन रविवारी झोपेतून उठलंच नव्हतं, कारण त्याला उठवायला कोणी घड्याळच लावलं नव्हतं.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही ट्रिगर लावलाच नाहीत."

नीरज सर खुर्चीत जरा हलले. "विसरलो असेन. त्या दिवशी दुसऱ्या क्लायंटचा कॉल आला. पण ममता, तो मुद्दाच नाहीये आता. तुझे काका स्वतः समितीसमोर बोललेत की त्यांना झोप लागली. कागदावर गेटची जबाबदारी अजून त्यांचीच आहे. विषय संपला."

"ते खोटं बोलले."

"मग त्यांना विचार ना का बोलले. तू सही कर. तुझंही नाव आहे त्या मेसेजमध्ये, विसरू नकोस."

असा संताप आला मला! हा माणूस चूक करतो, एकाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या अंगावर ढकलतो आणि वर मला माझंच नाव दाखवून घाबरवतो. मी तो कागद उलटा करून ठेवला आणि बाहेर जाऊन काकांना फोन लावला. उचलला नाही. सात वेळा लावला. दोन दिवस त्यांनी माझा फोन घेतला नाही.

शनिवारी अकराला राईच्या शाळेत समितीची सभा होती. विषय एकच, दत्तारामच्या हातून उघाडीची चावी काढून घेणे. मी लॅपटॉप घेऊन गेले. वर्ग भरलेला होता. विमलाबाई पुढच्या बाकावर, पदर खोचून. नीरज सर दशरथभाऊंच्या शेजारी, इस्त्रीच्या शर्टात, आणि त्यांच्या पुढ्यात टेबलावर ती चावी. काका मागच्या भिंतीला टेकून उभे. कोणी त्यांना बस म्हणत नव्हतं. आठवडाभर गावात ते दिसले की लोक म्हणत होते, काय दत्ताराम, झोप झाली का? हे मला आत शिरताना पायरीवरच एकाने हसत हसत सांगितलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो बाजूला झाला.

"मला पाच मिनिटं द्या," मी दशरथभाऊंना म्हटलं आणि लॅपटॉप शाळेच्या मोठ्या टीव्हीला जोडला. मोटर दुरुस्त करणारा पिंटू, त्याला मी आधीच उघाडीवर पाठवलं होतं. त्याला फोन लावला, स्पीकर चालू केला. "पिंटू, दार कसं आहे?"

"उघडं हाय. ओहोटी हाय ना आता."

"बघत राहा."

मी रविवारची तारीख टाकली, दुपारी बाराची वेळ टाकली आणि टेस्टची कमांड दिली. टीव्हीवर ओळी आल्या. पाणी खुणेच्या वर. दार लावा. यशस्वी. सगळं हिरवंगार, शुक्रवारच्या त्या फोटोत होतं तसंच.

"पिंटू, लागलं का दार?"

"कुठं काय? हाय तिथंच हाय."

मी पुन्हा चालवली. पुन्हा हिरवं. "आता?"

"ताई, काहीच हललं न्हाय. तू काय करतेस तरी काय?"

"हेच करतेय," मी सगळ्यांकडे वळून म्हटलं. "मागच्या शुक्रवारी हेच केलं होतं. ही नुसती टेस्ट आहे, हिने दार लागत नाही. दार लागायला जे करायचं होतं ते ह्या सरांनी केलं नाही, आणि केलं का ते मी बघितलं नाही. तुम्हाला ग्रुपवर जे पाठवलं ते खोटं होतं."

वर्गात गलका झाला. नीरज सर उठले. "हे बघा, टेक्निकल गोष्टी आपण नंतर बघू. गेटवर माणूस होता की नव्हता? तो झोपला, असं त्याने स्वतः सांगितलंय."

दशरथभाऊंनी मागे बघितलं. "काय दत्ताराम?"

"हो," काका म्हणाले. आवाज स्वच्छ. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. "डोळा लागला माझा. मी सांगितलंय एकदा."

मग मी फोन काढला आणि तो फोटो टीव्हीवर लावला. पांढरा शर्ट, हातात मासा, मागे घड्याळ. खाली तारीख.

"हा बघा झोपलेला माणूस!" मी ओरडले. "हे माझं घर आहे. गोडदेव. मी बोलावलं होतं. मी म्हटलं होतं, झालं, या जेवायला. एकतीस वर्षांत एकदा हा माणूस अमावास्येला जेवायला बसला, तोही माझ्या शब्दावर!"

विमलाबाई उठून टीव्हीजवळ गेल्या, फोटोतलं घड्याळ बघितलं, मग काकांकडे बघितलं. आठवडाभर त्यांनीच सगळ्यात जास्त शिव्या घातल्या होत्या. त्या परत बाकावर जाऊन बसल्या.

"बंद कर ते!" काका गरजले. मी जन्मात त्यांना असं ओरडताना ऐकलं नव्हतं. "कोणी सांगितलं तुला इथं यायला? त्या मेसेजात तुझं नाव होतं. लोक तुझ्या दारात आले असते. नोकरी गेली असती तुझी, कळतं का?"

"जाऊ दे ना मग! माझ्या नोकरीसाठी तुम्ही अख्ख्या गावापुढे झोपाळू ठरणार? मी मागितलं होतं का हे? कोण तुम्ही असं परस्पर ठरवणारे?"

"तुझा बाप न्हाय, म्हणून मी ठरवलं!" काका भिंतीपासून पुढे आले. "माझं नाव हाय. मी ते कुठं घालवायचं ते मी बघीन."

मला रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून आणखी राग आला. दशरथभाऊंनी टेबलावरची चावी काकांच्या बाजूला सरकवली आणि खाली मान घालून म्हणाले, "दत्ताराम, घे बाबा." काकांनी चावी उचलली आणि निघून गेले. नीरज सर माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "सोमवारपासून येऊ नकोस."

"सोमवार कशाला?" मी लॅपटॉपची वायर उपटून तो त्यांच्या हातात दिला. "आत्ताच घेऊन जा. आणि त्या अकरा घरांत जाऊन आधी तुमचं तोंड दाखवा."

ते काही त्या घरांत गेले नाहीत. विमलाबाईंनी दारात उभं राहून त्यांना वर्गातून बाहेरच पडू दिलं नाही, ते वेगळं.

त्या दिवशी षष्ठी. साडेचारला भरती, म्हणजे काका अडीचला दार लावणार. मी सव्वादोनला बांधावर गेले. काका चाकाजवळ बसले होते. मी चार हात लांब बसले, रागच होता दोघांनाही. खाडीचं पाणी चिखलावरून सरकत येत होतं.

अडीच वाजता काका उठले, गुडघ्यावर हात ठेवून, आणि चाकाच्या बाजूला झाले. "फिरव," म्हणाले.

चाक जड होतं. मोटर बसवली तेव्हा मी त्याची मापं घेतली होती, फिरवलं कधीच नव्हतं. सात-आठ वेढ्यांत तळहात सोलवटले. काका मदतीला आले नाहीत. शेवटी चाक अडलं, पुढे जाईना. मी कपाळाचा घाम पुसला.

"झालं," मी म्हटलं.

"बघितलंस?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते खाडीकडे बघत होते. त्या शुक्रवारी मी रिक्षात असताना फोनवर त्यांनी मला हेच विचारलं होतं. मी चपला काढल्या, शेवाळलेल्या पायऱ्यांवरून बसत बसत खाली उतरले आणि वाकून दाराखाली बघितलं. तिथे एक फुटकी बालदी अडकली होती, आणि तिच्या बाजूने खाडीचं पाणी गावाकडे जायला लागलं होतं.

"नाही झालं, काका," मी खालून ओरडले.

"मग ये वर," काका म्हणाले. "उघड परत."